वसायकृत, स्थूल तरुणांतील

वसायकृत, स्थूल तरुणांतील : यकृताच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) प्रमाणाबाहेर वसा साठून होणारी विकृती. सु. ५ टक्क्यांहून अधिक कोशिकांत वसेचे थेंब आढळल्यास त्या अवस्थेस वसायकृत म्हणतात. बोलभाषेत तिला ‘यकृतावर चरबी येणे’ किंवा ‘फॅटी लिव्हर’ असे म्हटले जाते. मद्यपानामुळे यकृतात वसा साठते, हे पूर्वीपासून ज्ञात होते. मद्यपान न करणाऱ्या रुग्णांतही तसेच बदल व शोथ (दाहयुक्त सूज) आढळतो, याचे वर्णन अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी यांनी १९८० मध्ये केले. पुढे १९८३ मध्ये मुलांतील अशा रुग्णांची नोंद झाली. भारत सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या विकृतीचा समावेश केला.

कारणमीमांसा : गरजेपेक्षा अधिक अन्न घेतले असता जादा ऊर्जा वसेच्या रूपाने त्वचेखाली साठते. ही साठवण अपुरी पडली की वसा उदरपोकळीत व यकृतात जमू लागते. त्याचबरोबर इन्शुलिनाची परिणामकारकता घटते, वसा-ऊतकातून वसाम्ले रक्तात अधिक येतात व यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडांत रूपांतर करून ती साठवते. साखरेतील फ्रुक्टोज हा घटक मुख्यत्वे यकृतातच वापरला जात असल्याने अतिरिक्त साखरेपासून तेथे नवी वसा तयार होते. काही व्यक्तींत आनुवंशिक प्रवृत्तीही कारणीभूत असते.

भारतीयांच्या बाबतीत केवळ वजनावरून अनुमान काढणे फसवे ठरते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी होते. तथापि त्यांच्या शरीरात स्नायू कमी व वसा मात्र त्या मानाने टिकून असलेली आढळली. असे बालक पुढे लठ्ठ झाल्यास त्याला धोका लवकर संभवतो. म्हणूनच आशियाई प्रौढांत शरीरभार निर्देशांक (किग्रॅ. मधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेल्यास दक्षता घ्यावी, असे मानतात. पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. हून अधिक कंबरेचा घेर हेही धोक्याचे लक्षण होय.

लक्षणे व निदान : बहुसंख्य तरुणांना कोणताही त्रास जाणवत नाही, काहींना थकवा किंवा उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो. मानेवरील काळसर, जाड त्वचा इन्शुलिनाच्या रोधाची सूचक असते. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केलेली तपासणी (सोनोग्राफी) व रक्तातील यकृत-एंझाइमांचे मापन यांवरून निदान करतात. मात्र एंझाइमांचे प्रमाण प्राकृत असूनही विकृती असू शकते. तरुण वयात विल्सन रोग, यकृतशोथाचे विषाणू व काही औषधे ही अन्य कारणे वगळणे आवश्यक असते. दुर्लक्ष झाल्यास काही रुग्णांत शोथ, तंतुमयता व अखेरीस यकृत-सूत्रणरोग असा क्रम घडतो. मधुमेह व हृद्रोग यांची शक्यताही वाढते.

वजन घटविणे : हा उपचाराचा पाया होय. मूळ वजनाच्या ३ ते ५ टक्के घट झाल्यास यकृतातील वसा कमी होते, ७ ते १० टक्के घटीने शोथ ओसरतो व १० टक्के किंवा अधिक घटीने अनेकांत तंतुमयताही मागे हटते. ८० किग्रॅ. वजनाच्या तरुणास ही उद्दिष्टे अनुक्रमे सु. २·५ ते ४, ५·५ ते ८ व ८ किग्रॅ. किंवा अधिक अशी येतात. रोजच्या आहारात सु. ५०० कॅलरी कमी केल्यास प्रारंभी आठवड्यास सु. अर्धा किग्रॅ. वजन उतरते. उपासमार करून वजन झपाट्याने उतरविल्यास यकृतशोथ बळावण्याचा व पित्ताश्मरी होण्याचा संभव असतो. वाढत्या वयाच्या मुलांत पुष्कळदा वजन स्थिर ठेवणेही पुरते, कारण उंची वाढत जाते.

आहार : सर्वप्रथम साखर कमी करावी. अमेरिकेत ११ ते १६ वर्षे वयाच्या ४० मुलग्यांवर केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ आठवडे साखर जवळजवळ वर्ज्य केली असता यकृतातील वसेचे सरासरी प्रमाण २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आले. दिवसाला दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतल्यास सु. ४० ग्रॅ. साखर, म्हणजे १६० कॅलरी पोटात जातात. शीतपेयाच्या २५० मिलि. बाटलीत सु. २५ ग्रॅ. साखर असते. गुळाने हा दोष टळत नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (नवे नाव राजगड) हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके भाताचे आहेत. डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकते. भातलावणी, चढउतार व पायपीट अशा कष्टाच्या जीवनाला भाताने भरलेले ताट साजेसे होते. आता महामार्गालगतच्या गावांतून शिरवळसारख्या औद्योगिक भागात किंवा पुण्यास जाणारा तरुण दुचाकीने जातो व यंत्रापाशी उभा राहतो किंवा दिवसभर बसून काम करतो. श्रम घटले, ताट मात्र तेच राहिले. त्यात वडापाव, बिस्किटे व फरसाण यांची भर पडली. अशा वेळी परका आहार शोधण्याचे कारण नाही. भाताचा वाटा ताटाच्या चतुर्थांशावर आणावा. तितकाच वाटा हुलगा, पावटा, मटकी, मूग, अंडी किंवा मासे यांना द्यावा आणि उरलेले अर्धे ताट भाज्यांनी भरावे. पावसाळ्यातील कुर्डू, टाकळा, भारंगी या रानभाज्या कमी तेलात शिजविल्यास उत्तम ठरतात. नाचणीच्या भाकरीतील तंतूंमुळे पोट लवकर भरते. परंतु तीही पिष्टमय असल्याने भाताच्या जागी खावी, भाताच्या जोडीला नव्हे. साबुदाणा, बटाटा व तळलेले पदार्थ यांच्या उपवासाने वजन उतरत नाही. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे. ‘यकृत स्वच्छ करणारे’ म्हणून विकले जाणारे काढे व चूर्णे वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. त्यांपैकी काहींनी यकृतास इजा होऊ शकते.

व्यायाम : मुलांनी रोज किमान ६० मिनिटे, तर प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, त्याखेरीज स्नायूंचे बळ वाढविणारे व्यायामही करावेत. वजन फारसे उतरले नाही, तरी व्यायामाने यकृतातील वसा घटते.

फलानुमान : वसासंचयाच्या अवस्थेत यकृत पूर्ववत होऊ शकते, सूत्रणरोग बळावल्यावर ही संधी बव्हंशी हातची जाते. अमेरिकेत २०२४ मध्ये या रोगावरील पहिल्या औषधास मान्यता मिळाली; मात्र ते मध्यम ते तीव्र तंतुमयता असलेल्या प्रौढांपुरतेच असून आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच द्यावयाचे आहे. घटलेले वजन टिकविणे हे ते उतरविण्याहून कठीण असते. घरात एकच चूल असल्याने रुग्णापुरता वेगळा स्वयंपाक फार काळ चालत नाही. संपूर्ण कुटुंबाने आहार बदलल्यास तो टिकतो व इतरांनाही त्याचा लाभ होतो.