बाणाआधी सूत्र

पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली १३ मार्च १९९९ रोजी सुरुंग उडाला आणि जलाशयाचं पाणी नव्या बोगद्यात घुसलं. चौथ्या टप्प्याच्या १००० मेगावॉट वीजनिर्मितीसाठीचं ते लेक टॅपिंग. भारतात असं काम त्याआधी झालेलं नव्हतं. बोगदा डोंगराच्या बाजूने जलाशयाच्या तळाकडे खणत न्यायचा, शेवटचा काही मीटर कातळ बुचासारखा राखायचा आणि सगळ्यात शेवटी तो उडवायचा. उडालेला कातळ पडायला खड्डा हवा, पाणी अडवायला दारं हवीत, आणि हे सगळं सुरुंगाच्या आधी. नंतर त्या बोगद्यात उतरून राहिलेलं काम करायची सोय नाही. दुसरं लेक टॅपिंग २५ एप्रिल २०१२ रोजी झालं. तेही उन्हाळ्यातच, पावसाने जलाशय भरू लागण्याच्या आत.

आधीच्या कामांची अशी साखळी आणि डोक्यावर पावसाची तारीख, हे दोन्ही एका तक्त्यात कसं दाखवायचं?

अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांच्या नावाने ओळखला जाणारा आडव्या पट्ट्यांचा तक्ता १९१० च्या दशकातला. काम कधी सुरू होणार, कधी संपणार हे त्यात दिसतं. कोणतं काम कशासाठी अडलंय, ते दिसत नाही. साखळीचं गणित मांडणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली. आजही एक्सेलमध्ये पुष्कळ जण पट्ट्या रंगवतात आणि साखळी डोक्यात ठेवतात. घोळ होतो तो तिथेच.

तासगावकडचं एखादं बेदाणा शेड घ्या. द्राक्षांची काढणी, डिपिंग, रॅकवर सुकवण, झाडणी, प्रतवारी, शीतगृह अशी कामं. डिपिंग म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून काढणं. त्याने सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो आणि मणी लवकर सुकतो. रॅकवर साधारण १५ दिवस धरायचे. शीटमध्ये रकाने पाच: काम, आधीचं काम, सुरुवात, दिवस, शेवट. सुरुवातीत दिवस मिळवून एक वजा केला की शेवट मिळतो. हाताने तारीख टाकायची ती फक्त काढणीची. झाडणीच्या सुरुवातीच्या सेलमध्ये बरोबरची खूण, सुकवणीच्या शेवटाचा सेल, अधिक एक. डिपिंगचं मात्र वेगळं. तोडलेला माल काढणी संपेपर्यंत पडून ठेवता येत नाही, म्हणून डिपिंगची सुरुवात काढणीच्या शेवटाला नव्हे, सुरुवातीलाच जोडायची.

दुसऱ्या बागेच्या काढणीला दोन अटी असतात. मालात गोडी भरलेली हवी आणि रॅक रिकामे झालेले हवेत. या दोहोंत जी तारीख उशिराची, तीच खरी. हे काम ‘मॅक्स’ हे सूत्र करतं. शनिवार-रविवार बंद असणाऱ्या कार्यालयातल्या कामाला ते दोन दिवस वगळणारं ‘वर्कडे’ वापरावं. बेदाणा रविवारीही सुकतो, त्याला साधी बेरीज पुरे.

आता चित्र. ‘स्टॅक्ड बार’ तक्त्यात पहिली मालिका सुरुवातीची, तिचा रंग काढून टाकायचा. दुसरी दिवसांची, ती रंगीत. कामांचा क्रम उलटा केला की पहिलं काम वर येतं. मग हात आपसूक बाण काढायला जातो. पहिल्या दिवशी तो बाण झकास दिसतो. तारीख बदलली की पट्टी सरकते आणि बाण जागच्या जागी हवेत लोंबकळतो. त्याऐवजी तक्त्यात ‘स्कॅटर’ मालिका घालावी, तिचा प्रत्येक बिंदू आधीच्या कामाच्या शेवटावर बसवावा आणि तिथून ‘एरर बार’ची रेघ पुढच्या कामाच्या ओळीपर्यंत खाली सोडावी. बिंदूची तारीख आणि रेघेची लांबी सेलमधून घेतली की तारखेबरोबर रेघही चालते. खटपट आहे, पण एकदाच करावी लागते. सगळेच दुवे काढू नयेत, जाळं होतं. ज्या कामांत एका दिवसाचीही सवड नाही, तेवढेच काढावेत.

कोयनेच्या पावसासारखी न हलणारी तारीख सूत्रात बसत नाही. तिच्यासाठी ‘अंतिम मुदत’ असा सहावा रकाना ठेवावा आणि शेवट त्यापुढे गेला की ओळ लाल व्हावी, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावावं.

मार्चमध्ये अवकाळीचे ढग आले आणि सुकवणीचे १५ दिवस २० वर गेले, तर बदलायचा तो एकच आकडा. झाडणी, प्रतवारी, शीतगृह पाच दिवस पुढे सरकतात, रेघा त्यांच्यामागे जातात. दुसऱ्या बागेची काढणी रॅकवाचून अडलेली असेल तर तीही सरकते आणि मुदत ओलांडली तर तिची ओळ लाल होते. मग शेजारचं शेड भाड्याने घ्यायचं की त्या बागेचा थोडा माल द्राक्ष म्हणूनच विकायचा, हे बागायतदाराला ढग डोक्यावर असतानाच ठरवता येतं.