संगीत-तंत्रज्ञानातील गुणांकन : ऐकू येणारी कृती आणि न दिसणारा निर्णय

संगीताची परीक्षा म्हटली म्हणजे परीक्षकासमोर बसून गाणारा किंवा वाजविणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. चूक झाली तर ती त्याच्याच गळ्याची वा बोटांची असते, आणि ती तेथल्या तेथे ऐकू येते. परंतु विद्यार्थी स्वतः गात नाही, वाजवीतही नाही, दुसऱ्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण करतो, त्यातील ध्वनींचे परस्परप्रमाण ठरवितो आणि सिंथेसायझरवर नवे ध्वनी घडवितो, तेव्हा गुण नेमके कशाला द्यावयाचे? परीक्षकाच्या हाती येते ती तयार ध्वनिफीत. तिच्यात विद्यार्थ्याच्या कानाचा वाटा किती, गायकाच्या गुणवत्तेचा किती, शाळेच्या उपकरणांचा किती आणि संगणकाने आपण होऊन केलेल्या कामाचा किती, हे त्या फितीवर लिहिलेले नसते.

या प्रश्नाशी इंग्लंडमधील परीक्षापद्धती पुष्कळ वर्षे झगडत आली आहे. तेथे सोळा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ए-लेव्हल परीक्षेत संगीत-तंत्रज्ञान हा संगीताहून वेगळा, स्वतंत्र विषय आहे. पिअर्सन-एडेक्सेल या परीक्षामंडळाचा सुधारित अभ्यासक्रम २०१७ साली सुरू झाला आणि त्याची पहिली परीक्षा २०१९ मध्ये झाली. एकूण गुण ३०० असून त्यांची वाटणी चार भागांत केलेली आहे. पहिला भाग ध्वनिमुद्रणाचा, ६० गुणांचा. मंडळाने दिलेल्या गीतांच्या यादीतून एक गीत निवडून त्याचे अनेक ट्रॅकांवर ध्वनिमुद्रण करावयाचे व त्यासोबत कामाची नोंदवही द्यावयाची. दुसरा भाग तंत्राधिष्ठित रचनेचा, तोही ६० गुणांचा. तिसरा श्रवण व विश्लेषणाचा, दीड तासाचा, ७५ गुणांचा. चौथा सर्वांत भारी : सव्वादोन तासांत संगणकासमोर बसून दिलेली ध्वनिसामग्री दुरुस्त करणे, तिचे मिक्सिंग करणे आणि अखेरीस एका प्रश्नाचे विस्तृत लेखी उत्तर देणे, मिळून १०५ गुण.

या वाटणीतच एक भूमिका दडलेली आहे. महिनोन् महिने चालणाऱ्या कामाला शेकडा ४० आणि बंद खोलीतील परीक्षेला शेकडा ६०. चौथ्या भागात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तीच सामग्री असते, त्यामुळे चांगला गायक मिळाला की नाही, माइक महागडा होता की साधा, हे प्रश्न तेथे गळून पडतात. शिवाय तेथील काही कामांना निश्चित उत्तर असू शकते. समजा, एखाद्या ट्रॅकमध्ये विजेच्या तारांतून आलेली ५० हर्ट्झची गुणगुण शिरली आहे. ती विद्यार्थ्याने काढली की नाही, आणि काढताना बास गिटारचा जीव घेतला की नाही, हे बऱ्याच नेमकेपणाने ठरविता येते. अशा कामाचे गुणांकन विश्वसनीय होते यात शंका नाही. पण नेमकेपणाने मोजता येते तेवढेच मोजावयाचे असे ठरले, तर या विषयाचा गाभाच हातातून निसटतो. कोणता ध्वनी पुढे आणावा आणि कोणता मागे ठेवावा, हा निर्णय बरोबर वा चूक नसतो. तो समर्पक असतो किंवा नसतो.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. चॉम्स्की यांनी १९६५ साली भाषिक क्षमता आणि भाषिक प्रयोग यांत भेद केला. प्रयोग ऐकू येतो, क्षमता अनुमानानेच जाणावी लागते. संगीत-तंत्रज्ञानाच्या परीक्षकापुढे तर अनुमानाची वाट आणखी लांब आहे, कारण प्रयोगसुद्धा अंशतः परक्याचा आहे. गोड गळ्याची गायिका लाभली म्हणजे साधारण ध्वनिमुद्रणही उत्तम भासते. एका गुणाची प्रभा शेजारच्या गुणावर पडते, हा दोष थॉर्नडाइक यांनी १९२० सालीच दाखवून दिला होता. नोंदवही मागण्याचे प्रयोजन येथे स्पष्ट होते. माइक कोठे ठेवला, किती अंतरावर ठेवला, मग जागा का बदलली, हे लिहावे लागले की फितीमागील निर्णय थोडेफार दिसू लागतात. मात्र नोंदवही सुबक लिहिणारा विद्यार्थी आणि नीट ऐकणारा विद्यार्थी हे एकच असतील असे नाही.

खरी गुंतागुंत शब्दांची आहे. कोणताही गुणदानतक्ता अखेर विशेषणांवर उभा असतो. ‘मर्यादित’, ‘समाधानकारक’, ‘परिणामकारक’, ‘सफाईदार’ अशा शब्दांच्या पायऱ्या करून त्यांवर गुण बसविलेले असतात. या शब्दांना स्वतःचा असा अर्थ फारच थोडा असतो. ‘सफाईदार’ म्हणजे ‘परिणामकारक’च्या वरचे, एवढेच तो तक्ता सांगतो. परीक्षकांची एकवाक्यता होते ती शब्दांमुळे नव्हे, तर एकत्र बसून नमुन्याच्या फिती ऐकल्यामुळे, हे अशा कोणत्याही कामाचा अनुभव असणाऱ्यास मान्य होईल. शब्द हे त्या सामायिक श्रवणाचे खुंट होत.

विद्यार्थ्याच्या उत्तरातील शब्दांचीही तीच गत आहे. इंग्रजी बोलणारे ध्वनिमुद्रक एखाद्या ध्वनीला ‘उबदार’ म्हणतात, दुसऱ्याला ‘चिखलट’. दोन्ही शब्द पुष्कळदा सुमारे २०० ते ५०० हर्ट्झ या एकाच पट्ट्यातील ऊर्जेच्या आधिक्याविषयी वापरले जातात. ती ऊर्जा आवडली तर ऊब, नावडली तर चिखल. म्हणजे शब्द वर्णन करीत आहेत असे भासते आणि प्रत्यक्षात ते निवाडा देत असतात. आपल्याकडे तंबोऱ्याच्या जवारीला ‘खुली’ वा ‘बंद’ म्हणतात, त्यामागे निदान घोडीच्या घडणीतील हाताला लागणारा फरक असतो, म्हणून ते शब्द शिकविता येतात. परीक्षेत गुण मिळण्यासाठी ध्वनीच्या शब्दाला असाच कशाचा तरी आधार द्यावा लागतो.

एक उदाहरण घ्यावे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या फिल कॉलिन्स यांच्या ‘इन द एअर टुनाइट’ या गीतात ढोल एकदम कोसळल्यासारखे येतात. त्यांचा नाद भव्य आहे, पण क्षणात कापल्यासारखा थांबतो. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८० सालच्या ध्वनिमुद्रिकेचे काम चालू असताना ह्यू पॅडगॅम आणि त्यांचे सहकारी यांच्या हाती हा परिणाम लागला होता. ‘ढोल मोठे वाटतात’ असे लिहिणाऱ्याने ऐकले आहे खरे, परंतु कारण ओळखलेले नाही. ‘नॉइज गेट वापरला’ एवढेच लिहिणाऱ्याने कदाचित केवळ पाठ केले असेल. खोलीचा घुमारा दाबयंत्राने वाढविला आणि तो आपोआप विरण्यापूर्वी नॉइज गेटने तोडला, म्हणून नाद विशाल असूनही पुढील आघाताला जागा मोकळी राहिली, असे लिहिणाऱ्याच्या उत्तरात मात्र साधन, कृती आणि कानावरचा परिणाम हे तिन्ही एका वाक्यात जोडलेले आहेत. श्रवणाच्या प्रश्नपत्रिकेने शोधावयाचे ते हेच, आणि ते विशेषणांत नव्हे, तर ‘म्हणून’ या अव्ययात सापडते.

विशेषणांचा त्रास टाळण्याचा एक मार्ग म्हणजे तुलना. थर्स्टन यांनी १९२७ साली मांडलेल्या तौलनिक निर्णयाच्या नियमानुसार परीक्षकाने गुण द्यावयाचेच नाहीत. दोन कृती समोर ठेवून अधिक चांगली कोणती, एवढेच सांगावयाचे. अशा पुष्कळ निर्णयांतून गणिताने क्रम लावता येतो. विद्यार्थ्यांच्या कामासाठी ही पद्धत अलीकडे, विशेषतः ॲलिस्टर पॉलिट यांच्या २०१२ मधील मांडणीनंतर, पुन्हा चर्चेत आली. संगीत-तंत्रज्ञानाला ती मोहक वाटते, कारण कान तुलनेत तरबेज असतो. पण तो तुलनेतच फसतोही. दोन फितींपैकी किंचित मोठ्याने वाजणारी बहुधा अधिक भरीव व स्पष्ट भासते. मंद आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविलेलेच आहे. तेव्हा दोन्ही फिती समान श्रवणपातळीवर आणल्यावाचून केलेली तुलना ही मिक्सिंगची नव्हे, आवाजाच्या खुंटीची परीक्षा ठरते. पातळी मोजण्याची आंतरराष्ट्रीय रीत २००६ पासून उपलब्ध आहे आणि शाळेतल्या साध्या संगणकावरही ती वापरता येते. वर्गात दोन विद्यार्थ्यांचे काम एकामागून एक ऐकविणाऱ्या शिक्षकालाही हीच दक्षता घ्यावी लागेल. तौलनिक पद्धतीची दुसरी उणीव अशी की तिसावा क्रमांक मिळालेल्या मुलाला आपले काय चुकले हे ती सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शब्दांकडेच यावे लागते.

विद्यार्थ्याचे काम न पाहता केवळ ऐकणारा परीक्षक आंधळा असतो, ही तक्रार वर येऊन गेलीच आहे. त्या आंधळेपणाची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमधील माध्यमिक वर्गांचे निरीक्षण करून व्हिक्टोरिया आर्मस्ट्राँग यांनी २०११ साली लिहिलेल्या ग्रंथात असे दिसते की, यंत्राविषयी आत्मविश्वासाने बोलणाऱ्या मुलांना रचनेतही सरस समजले जाई. हे आत्मविश्वासाने बोलणारे बहुधा मुलगे असत. जॉर्जिना बॉर्न आणि काइल डिव्हाइन यांच्या २०१५ मधील अभ्यासात ब्रिटनमधील संगीत-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठीय वर्गांत सुमारे ९० टक्के विद्यार्थी पुरुष असल्याचे आढळले. म्हणजे गुण देणारी व्यक्ती वर्गातच बसलेली असली, तर यंत्राची परिभाषा सफाईने उच्चारणाऱ्याच्या पारड्यात काहीतरी जास्त पडण्याचा संभव आहे. उपरोक्त ए-लेव्हल अभ्यासक्रमात ध्वनिमुद्रण आणि रचना हे दोन्ही भाग शाळेतील शिक्षक तपासत नाहीत. ते मंडळाच्या परीक्षकाकडे जातात, आणि बोलणाऱ्याचा आवाज न ऐकता त्याला फीत ऐकावी लागते.