लुटीचा झगा

न्यायमूर्तींच्या अंगावरचा भारदस्त ‘रोब’ मुळात लुटीचा माल! जुन्या जर्मानिक भाषांत ‘राउबा’ म्हणजे लूट. कापड महाग होतं, त्यामुळे हरलेल्या शत्रूच्या अंगावरचे कपडेही विजेते उतरवून नेत. फ्रँक टोळ्यांबरोबर हा शब्द फ्रेंचमध्ये शिरला आणि सभ्य झाला. तिथे ‘रोब’ म्हणजे आज बायकांचा ड्रेस. स्पॅनिश ‘रोपा’ म्हणजे सगळेच कपडे. इटालियन ‘रोबा’त तर काहीही मावतं, भांडीकुंडी नि सटरफटर वस्तूसुद्धा! जर्मन ‘राउब’ने मात्र लुटीचा अर्थ सोडला नाही, इंग्रजी ‘रॉब’ही त्याच कुळातला. आपल्या बेडरूममधल्या ‘वॉर्डरोब’चं शेपूटही हेच. पूर्वी ते कपाट नव्हतं, कपडे सांभाळण्याची स्वतंत्र खोली होती.