अर्ज रांगेत, मग दवाखान्यात जायचं कसं?

आजच्या भागात एकच प्रश्न. साथ आलीय, ऑफिसं बंद आहेत आणि तुमचा परदेशात राहायचा अर्ज अजून रांगेतच आहे. आजारी पडलात, तर दवाखान्यात कोणता कागद दाखवणार?

यावर मला पोर्तुगालचं उदाहरण द्यावंसं वाटतं. तिथे 18 मार्च 2020 ला आणीबाणी जाहीर झाली. तेव्हाचं इमिग्रेशन खातं, म्हणजे सेफ, त्यांच्याकडच्या भेटीच्या तारखा पुढे गेल्या. मग सरकारने सोपा मार्ग काढला. त्या दिवशी ज्यांचे अर्ज पडून होते, त्यांना तात्पुरतं कायदेशीर मानलं. अर्ज केल्याचा पुरावा दाखवला की सरकारी आरोग्यसेवा, नोकरीचा करार, बँक खातं, भाड्याचं घर, सगळ्याचा रस्ता मोकळा. आधी ही सोय जूनअखेरपर्यंतच होती, पुढे ती वाढवली.

असं का केलं? कागद नाही म्हणून माणूस घाबरतो आणि ताप अंगावर काढतो. मग आजार त्याच्या खोलीतल्या सगळ्यांना होतो. विषाणू काही व्हिसा बघत नाही.

पण यामुळे फायली निकाली निघाल्या नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये सेफ बंद होऊन आयमा ही नवी संस्था आली, तेव्हा 3 लाखांहून जास्त प्रकरणं तुंबलेली होती. म्हणून मी म्हणतो, संकटात आधी हक्क द्या, पण मागोमाग फायली उपसायला माणसंही द्या.

तुमचं कुणी बाहेर असेल तर आजच सांगा: अर्जाची पोच फोनमध्ये जपून ठेव.