घळीत उतरणारे दोघे

ओढ्याने वर्षानुवर्षे कातळ उभा चिरत नेला की अरुंद, खोल घळ तयार होते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी पठारावर अशा असंख्य घळी आहेत. तेथील ग्रँड कॅनियन सुमारे 446 किलोमीटर लांब असून काही ठिकाणी ती 1,800 मीटरहून अधिक खोल आहे. महाराष्ट्रात हे काम पाण्याने दख्खनच्या बेसॉल्टमध्ये केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसले आणि त्यांच्या भेगांमधून पाणी शिरत गेले. भंडारदऱ्याच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी अशीच आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये काही ठिकाणी जेमतेम काही फुटांची वाट आणि तळाशी गडगड्या धोंड्यांचा खच. बऱ्याच भागात ऊन पोहोचतच नाही.

अशा घळीत उतरायला जालना जिल्ह्यातील राजूरचे एखादे जोडपे निघाले, तर त्यांना चालणे नवे नसते. अंगारकीला गणपतीच्या दर्शनासाठी जालन्याहून रात्रभर चालत येणाऱ्यांची रीघ लागते. पण ती वाट डांबरी आहे, जागोजागी पाणी-चहा मिळतो, पाय दुखले तर मागून येणारे वाहन हात दाखवताच थांबते. घळीत यातले काहीच नसते. पाठीवर सॅक आणि सोबत फक्त जोडीदार असतो. त्यामुळे रस्त्यावर किरकोळ ठरणारी गोष्ट तेथे मुक्काम लांबवते.

पहिला घोटाळा अनेकदा घरातच होतो. सांदणला जाताना संगमनेर-अकोलेमार्गे लागणाऱ्या गावाचे नावही राजूरच आहे. राजूरहून निघून राजूरला पोहोचायचे असल्यामुळे मोबाइलच्या नकाशात जिल्हा न पाहता बोट ठेवले, तर यंत्र भलतीच वाट दाखवू शकते. उशीर झाला की उतरणे दुपारवर जाते, आणि घळीतले पुढचे बहुतेक त्रास या उशिरातून निघतात.

डोंगर चढताना माणूस ताजातवाना असतो, थकल्यावर उतार लागतो. घळीत उलटे. सकाळच्या उत्साहात भराभर खाली उतरता येते आणि खरा चढ दमल्यावर, उन्हात वाट्याला येतो. ग्रँड कॅनियनमध्ये तर तळाचे तापमान वरच्या काठापेक्षा बरेच जास्त असते. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात चढू नये, असे तेथील उद्यान प्रशासन बजावते. तरीही दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना बाहेर काढावे लागते. अशा कोरड्या घळीत दिवसभरासाठी माणशी चार लिटर पाणी लागते, म्हणजे दोघांच्या पाठीवर नुसत्या पाण्याचेच आठ किलो. ओझे कमी करण्यासाठी पहिली कुऱ्हाड याच पाण्यावर पडते, हे दुर्दैव. उलट, घाम गाळत नुसतेच पाणी ढोसले तरी रक्तातले मीठ कमी होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर हवे, ते यासाठी.

पाणी कमी पडणे हा अर्धा धोका. दुसरा अर्धा म्हणजे पाणी जास्त येणे, आणि त्यासाठी पाऊस डोक्यावर पडायलाच हवा असे नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी अ‍ॅरिझोनातील अँटिलोप कॅनियनमध्ये 11 पर्यटक लोंढ्यात गेले. पाऊस पडला होता तो वरच्या अंगाला, दूरवर. 14 सप्टेंबर 2015 रोजी युटातील झायन उद्यानाच्या कीहोल घळीत सात जणांचा असाच अंत झाला. कडे इतके जवळ की पाणी पसरू शकत नाही, ते फक्त उंच होते. सांदणमध्ये पावसाळ्यात उतरत नाहीत, ते याच कारणाने. मात्र एप्रिल-मेमधला वळवाचा पाऊस कॅलेंडर पाहून येत नाही. दुपारनंतर ढग दाटू लागले की निरभ्र सकाळ आठवत बसण्यात अर्थ नसतो.

बाकीची संकटे लहान दिसतात. सांदणच्या वाटेवर पाण्याचे डोह लागतात, आणि त्यांतले पाणी ऋतूनुसार कमी-अधिक असते. मोबाइल भिजतो, ओल्या बुटात पायाला फोड येतात, हलत्या धोंड्यावर घोटा मुरगळतो. रेंज नसते, आणि वर आकाशाची अरुंद पट्टीच उरल्याने जीपीएसही चुकीची जागा दाखवते. कड्यांना लागलेल्या आग्या मोहोळांना धूर, आरडाओरडा सहन होत नाही. पुढे खाली देहेणे गावाच्या बाजूला उतरायचे तर दोर लावून रॅपलिंग करावे लागते. पहिल्या टप्प्यावरून दोर खाली ओढून घेतला की आल्या वाटेने परतणे जवळपास संपते. दोर पुढे अडकला, अपुरा पडला किंवा दोघांपैकी एकाचा धीर सुटला, तर अडचण तेथेच बसून सोडवावी लागते.

आणि येथे दोघांचा हिशेब अपुरा पडतो. गिर्यारोहकांचा जुना आडाखा चौघांचा आहे: एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे, दोघांनी मदतीला जायचे. जोडप्यात चालता येणाऱ्याला थांबणे किंवा निघणे यांतले एकच जमते. त्यातून नवरा-बायकोत घळीच्या तोंडाशी पडणारे ठरावीक वाद असतात. एकाला पुढे जायचे असते, दुसऱ्याला परतायचे असते, आणि भिडेपोटी खरे कोणीच बोलत नाही. साम्रदचा जाणता वाटाड्या सोबत असला तर डोकी तीन होतात आणि त्यातले एक तरी भांडणात नसते.

एकट्याची गत कुठवर जाते ते 2003 च्या एप्रिलमध्ये दिसले. युटातील ब्लूजॉन घळीत अ‍ॅरन राल्स्टन याचा उजवा हात शिळेखाली अडकला. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. कुठे चाललो हे त्याने कोणालाच सांगितले नव्हते. घरी चिठ्ठी ठेवण्याचा नियम दोघांनाही तसाच लागू आहे: कोणती दरी, कोणत्या बाजूने बाहेर पडणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काय करायचे. सांदण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात येते, त्यामुळे वनखात्याकडे आणि गावात नोंद असलेली बरी.

अपघात झालाच तर रक्तस्राव थांबवून जखमीला पाण्याच्या पातळीपासून उंच, कोरड्या जागी हलवावे. पाठीला किंवा मानेला मार असेल आणि पाणी वाढत नसेल, तर हलवू नये. नंतर 112 वर संपर्क होईल अशी जागा गाठावी लागते. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या स्वयंसेवी पथकांचा समन्वय महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर करते. मागे राहणाऱ्याजवळ पाणी, खाणे, बॅटरी, शिटी आणि अंगावर घ्यायला उबदार काही ठेवावे. उन्हाळ्यातही ओल्या कपड्यांत घळीतली रात्र गारठवते. मदतीला निघणाऱ्याने जखमीची जागा, जखम आणि निघाल्याची वेळ कागदावर लिहून न्यावी, कारण दमून वर पोहोचल्यावर गावकऱ्यांना तोंडी सांगताना तपशील गळतात.