चौल : एका बंदराची पाठ

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालेला रस्ता नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून जातो आणि अखेर एका पडक्या तटातून आत शिरतो. आपण किल्ल्यात आलो आहोत हे नवख्या माणसाच्या लक्षातही येत नाही. आत वाड्या, विहिरी, घरे, आणि मध्येच आभाळात चढलेला एक उंच मनोरा. लोक त्याला सातखणी म्हणतात, काहीजण बुरूजही समजतात. वस्तुतः तो फ्रान्सिस्कन पंथाच्या एका चर्चचा मनोरा होय. तो पाहून परतणारा प्रवासी 'पोर्तुगिजांचे जुने गाव पाहिले' असे सांगतो.

हे सांगणे आम्हांस अर्धे वाटते. पोर्तुगीज येथे आले तेव्हा चौलचे वय निदान तेराशे वर्षांचे होते. कान्हेरीच्या दानलेखांत या गावाचे 'चेमुल' हे नाव आहे, दुसऱ्या शतकातील टॉलेमीला ते 'सिमुल्ला' म्हणून ठाऊक होते, आणि अरबांनी त्याचे 'सैमूर' केले. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा प्रवासी येथे येऊन गेला. राज्य शिलाहार झंझाचे, हिंदू राजाचे. पण गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे आणि आपसांतले तंटे तो त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे तोडी. व्यापारी टिकावा असे वाटत असेल तर त्याला त्याच्या रीतीने जगू द्यावे, हा व्यवहार चौलच्या राज्यकर्त्यांस तेव्हाच उमगला होता. बेने इस्रायल लोकांची वस्तीही याच किनाऱ्याची. रेवदंड्यास त्यांचे प्रार्थनामंदिर आहे.

पण बंदर म्हणजे केवळ समुद्र नव्हे. समुद्र तर सगळ्या कोकणाला आहे. बंदराला पाठ लागते. म्हणजे घाटावरच्या बाजारपेठा आणि तिथपर्यंत पोचविणारी वाट. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून गलबताने चौलला उतरला. त्याच्याजवळ माल काय, तर एक घोडा! दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही आणि बहामनी फौजेला तर घोडे हवेत, हा हिशेब त्याने केला होता. चौलहून पालीच्या वाटेने घाट चढून जुन्नरला पोचण्यास त्याला चोवीस दिवस लागले. जुन्नरच्या सुभेदाराने घोडा हिसकावला आणि मुसलमान झालास तर घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, असे बजावले. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने घोडा सुटला आणि धर्मही राहिला. पुढे बीदरला तो घोडा विकल्यावर हाती फारसे काही लागले नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या दृष्टीने महत्त्वाची ती चोवीस दिवसांची वाट. चौल जगले ते तिच्यावर.

पोर्तुगिजांना समुद्र हवा होता. १५०८ मध्ये येथील खाडीत इजिप्त व दीवच्या आरमारांनी त्यांचा पराभव केला. व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात पडला. तरी १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने त्यांनी रेवदंड्यास कोट बांधण्यास आरंभ केला. त्यांच्या परवान्यावाचून गलबत हाकारणे मग धोक्याचे झाले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने या कोटाला महिनोन् महिने वेढा घातला आणि शेवटी तह केला. त्यात आश्चर्य नाही. दरवाजा एकाच्या ताब्यात, घर दुसऱ्याच्या. भांडण कितीही झाले तरी दोघांना एकमेकांवाचून चालत नव्हते.

मग चौल बुडाले कशाने? खाडीत गाळ साचला असे सांगतात. साचला असेल, पण आमच्या मते खरे कारण घाटावर आहे. १६३६ मध्ये निजामशाही संपली, मोगलांचा माल सुरतेकडे वळला, आणि पाठोपाठ मुंबई उभी राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे विणकरच इंग्रजांच्या मुंबईत जाऊन वसले. वसई १७३९ मध्ये पडली आणि १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले, तेव्हा हाती आला तो बहुतेक नुसता कोट.

खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगरी किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गावात राहणारी ख्रिस्ती मंडळी घरात आजही एक वेगळी बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण वाक्याची ठेवण मराठी, क्रियापद शेवटी! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, धर्म शेजाऱ्यांहून निराळा. म्हणून राज्य गेल्यावर पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली. साळावचा पूल होईपर्यंत रेवदंड्यास जायचे तर तरीत बसावे लागे. आता पूल आहे, मराठी शाळा आहे, नोकरीसाठी मुंबई आहे. बोलणारे उरले हजाराच्या आतबाहेर. आपण मात्र पगार, चावी, पाव, बटाटा, घमेले, लिलाव हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्द रोज वापरतो, आणि रेवदंड्यास गेलो की मनोरा पाहून परततो. तेथून कोर्लई पुलापलीकडे अगदी जवळ आहे.