पायरीवरचा गालिचा : कोंढ्याच्या बिछायतीची चाळीस वर्षं

पवनी तालुक्यातल्या आमच्या कोंढ्यात घरच्या जिन्यावर कुणी गालिचा अंथरत नाही. जिना सिमेंटचा, फार तर फरशीचा, आणि सकाळी ओला पोछा फिरला की काम संपलं. गालिचा घातलेली पायरी गावाला भेटते ती लग्नाच्या स्टेजवर. तीन-चार पायऱ्या, त्यांवर लाल कार्पेट, दोन्ही बाजूंना कुंड्या. एका संध्याकाळी निम्मं गाव अहेर द्यायला त्यावरून चढतं-उतरतं आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्पेट दुसऱ्या गावच्या मांडवात लागायचं असतं. मधल्या रात्री ते कोण साफ करतो आणि कशानं, याची पाहुण्यांना खबर नसते. बिछायत केंद्रवाल्याचं नाव मात्र त्या एका रात्रीवर टिकतं किंवा जातं. गेल्या चाळीस वर्षांत त्या रात्रीची अवजारं कशी बदलत गेली आणि ती निवडताना काय जमलं, काय फसलं, हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

ऐंशीच्या दशकात मुळात पायरीच नव्हती. लग्न घरासमोर, मांडव बांबूचा, वर आंब्या-जांभळाच्या डहाळ्या. नवरा-नवरी पाटावर आणि वऱ्हाडी दरीवर. बिछायत म्हणजे दऱ्या, सतरंज्या, जाजमं, लोड आणि गॅसबत्त्या. सफाईला शिंदीचा फडा, बांबूची काठी आणि तळ्याचं पाणी एवढं पुरे. दोघांनी दरीची टोकं धरून झटकायची, मग दोरीवर टाकून उलट्या अंगानं बडवायची. उलट्या अंगानं अशासाठी, की धूळ जिथून शिरली तिथूनच ती बाहेर पडते. सुलट्या अंगावर काठी मारली तर ती आणखी आत बसते. हे कुणी शिकवत नसे, बापाला बघून पोराला कळे. हंगाम संपला की पावसाआधी दऱ्या तळ्यावर नेऊन धुवायच्या आणि पाळीवर वाळत घालायच्या. भंडारा जिल्हा तळ्यांचा, पाण्याची ददात नव्हती.

नव्वदच्या दशकात व्हिडिओ शूटिंग आलं आणि त्याच्यामागून स्टेज आलं. कॅमेऱ्यात दिसायचं तर नवरा-नवरी उंचावर हवेत. आधी लाकडी तखत जोडून काम भागवलं, चढायला विटांचा थर किंवा खोकं. पुढे लोखंडी फ्रेम, वर प्लायवूड आणि मापात बसवलेल्या पायऱ्या आल्या. उघडं प्लायवूड वाईट दिसतं म्हणून त्यावर कार्पेट ठोकलं. सफाईच्या दृष्टीनं सगळा फरक या ठोकण्यानं पडला. दरी उचलून झटकता येते. पायरीला खिळ्यांनी किंवा पिनांनी जखडलेलं कार्पेट जागच्या जागीच साफ करावं लागतं. पायरीला आडवा भाग असतो, उभा भाग असतो, पुढची कड असते आणि आडवा-उभा मिळतो तो कोपरा असतो. माणसाचा पाय कडेवर पडतो, कचरा कोपऱ्यात जातो. फडा सपाटीवर झकास चालतो, त्या कोपऱ्यात तो धूळ नुसती दाबतो. पोरं मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं कोपरे खरवडत बसत.

हाच पेच जगानं शंभर वर्षं आधी पाहिला होता, कारण तिकडे जिन्यावर गालिचा घरोघर होता. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्सचा मेल्व्हिल बिसेल हा भांड्यांचा दुकानदार. त्यानं 1876 साली फिरत्या ब्रशचा हातानं ढकलायचा कार्पेट स्वीपर पेटंट केला. सपाट जमिनीवर तो छान चालला. त्याची चाकं फिरायला जागा लागे, ती अरुंद पायरीवर कुठून मिळणार? 1901 मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथनं हवा ओढणारं यंत्र काढलं. ते एवढं अवजड होतं की घोडागाडीवर रस्त्यातच उभं राही आणि खिडकीतून फक्त लांब नळ्या आत जात. सातव्या एडवर्डच्या 1902 च्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे याच यंत्रानं साफ केल्याचं सांगतात. पुढे ओहायोतल्या कँटनमध्ये एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँगलरनं स्वतःच्या दम्यापायी धूळ पिशवीत पकडणारं हलकं यंत्र जुळवलं, 1908 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि ते हूवर कुटुंबाकडे गेलं. रोज झाडू हातात धरणाऱ्या माणसानं बनवलेलं ते यंत्र घराघरांत पोचलं, यात मला नवल वाटत नाही. तरी पायरीपुरता विचार केला तर मला बूथचीच रीत पटते. यंत्र खाली राहू द्यावं, वर फक्त नळी जावी.

आपल्याकडे युरेका फोर्ब्स 1982 मध्ये सुरू झाली आणि तिचे विक्रेते शहरांत दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर दाखवू लागले. बिछायतवाल्यांच्या हाती ते यंत्र फार उशिरा आलं, तेही बहुधा नागपुरातल्या कुणाचं वापरून झालेलं. घरगुती यंत्राची कापडी पिशवी एका लग्नाच्या कचऱ्यानं भरून जाई. नळी दीड-दोन मीटरची, म्हणजे एकानं यंत्र उचलून पायरीवर उभं राहायचं आणि दुसऱ्यानं तोंड फिरवायचं. यंत्र घसरून खाली पडलं की प्लास्टिकचं बूड फुटायचं. त्यात दोन हजारच्या दशकातलं भारनियमन. रात्री वीज आली की निम्मं काम, पहाटे जनरेटर लावून उरलेलं. त्या दिवसांत मशीन घेऊनही फड्याकडे परतलेले बरेच जण होते आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना मिळालेलं यंत्र ड्रॉइंग रूमसाठी बनलेलं होतं.

आमच्या भागातलं लग्न म्हणजे कचऱ्याचं काय मिश्रण असतं, ते जवळून पाहिल्याशिवाय अवजाराची निवड कळत नाही. एक तर माती. भंडारा जिल्ह्यात शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, बरडी अशी नावं देतात. त्यातली कन्हार काळी, चिकट. तिची धूळ कोरडी असेतो ओढली जाते. पाण्याचा थेंब लागला की कार्पेटच्या धाग्यांत तिचा गारा होतो आणि मग ब्रश मोडेल पण ती निघणार नाही. म्हणून आधी कोरडी ओढणी, ओलं काम मागाहून. हा नियम पाळला तर अर्धी लढाई जिंकली. दुसऱ्या अक्षता. जिल्हा धानाचा, अक्षता मुठी-मुठीनं पडतात. तांदूळ पायाखाली चुरडतो, त्याचं पीठ धाग्यांत बसतं आणि ओलं झालं की खळ होते. बारीक नळीच्या यंत्रात अख्खे दाणे वाकणाशी अडकतात. नळी जाड हवी आणि कचरा पिशवीऐवजी ड्रममध्ये पडणारा हवा. तिसरी खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पिंक. तिच्याविषयी काय लिहू? स्टेजच्या मागच्या पायऱ्या हे तिचं हक्काचं ठिकाण.

आणि चौथी हळद. इथे शिकलेली माणसंही फसतात. पिवळा डाग दिसला की हात धुण्याच्या सोड्याकडे किंवा कडक साबणाकडे जातो, आणि डाग पिवळ्याचा लालतांबडा होतो. सोडा खारा आणि हळदीचा रंग खारात लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे, आपल्या आज्या ते परातीत करत. असा लाल झालेला डाग लिंबाच्या किंवा पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यानं पुन्हा पिवळ्यावर येतो. पुढचं काम ऊन करतं, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. मे महिन्यातलं विदर्भाचं ऊन फुकट आहे आणि या एका डागापुरतं ते कुठल्याही मशीनपेक्षा सरस आहे. अट एवढीच की पायरी उचलून अंगणात ठेवता आली पाहिजे. जे बिछायतवाले पायऱ्यांचे सुटे खोके बनवून घेतात, त्यांची सफाई वर्षानुवर्षं चांगली राहिली, असं मी पाहत आलो आहे. फ्रेमला वेल्डिंग करून पायऱ्या कायमच्या जोडणाऱ्यांना ही सोय नाही.

2010 नंतर लॉन आणि मंगल कार्यालयं वाढली आणि ओलं-कोरडं दोन्ही ओढणारी ड्रमची यंत्रं तालुक्याच्या बाजारापर्यंत आली. सोबत गाड्या धुवायचे प्रेशर वॉशरही आले, आणि त्यांनी घोळ घातला. पाण्याचा झोत कार्पेटवर मारला की वरून ते चकचकीत दिसतं, पाणी मात्र खाली प्लायवूडमध्ये मुरतं. दोन हंगामांत प्लाय फुगते, पापुद्रे सुटतात, पिना गंजतात आणि कार्पेटवर तपकिरी ठिपके उमटतात. पायरी फुगली की तिची उंची बदलते, मग शालू सावरत चढणाऱ्या बाईचा पाय अडखळतो. सफाईच्या चुकीनं माणूस पडू शकतो, हे मशीन विकणारा सांगत नाही.

ओली सफाई करायचीच तर फवारून लगेच ओढून घेणारं यंत्र हवं. कोमट पाणी आणि थोडं औषध दाबानं धाग्यांत जातं आणि त्याच तोंडातून मळासकट परत ओढलं जातं. मोठ्या हॉटेलांत हे यंत्र वापरतात. पायऱ्यांसाठी त्याचं हातात धरायचं लहान तोंड वेगळं मागून घ्यावं लागतं, वीतभर रुंद किंवा त्याहून कमी. जमिनीचं रुंद तोंड पायरीच्या कोपऱ्यात टेकत नाही आणि हवा बाजूनं निसटते. तोंडाला पारदर्शक काच असेल तर वर येणारं पाणी दिसतं. ते गढूळ येतंय तोवर काम चालू, स्वच्छ आलं की पुढची पायरी. एकदा फवारणी, दोनदा नुसती ओढणी, हा हात बसला पाहिजे. औषध जास्त झालं तर त्याचा चिकटा राहतो आणि पुढच्या लग्नात ती पायरी दुप्पट काळी होते. वाळवायला वेगळं यंत्र आणायची गरज बिछायतवाल्याला नाही. फर्राटा पंखे आणि जम्बो कूलर त्याच्या गोदामातच असतात; कूलरमध्ये पाणी न भरता तो पायऱ्यांकडे तोंड करून लावला की झालं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न वॅटचा विचारला जातो. इथे मला ठासून सांगावंसं वाटतं, की वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, ते ओढतं किती हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघानं सप्टेंबर 2014 पासून घरगुती व्हॅक्यूमला 1600 वॅटची आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटची मर्यादा घातली; तिथली घरं त्यानं घाण झाली नाहीत, कंपन्यांनी तोंडं आणि पंखे सुधारले. ओढ मोजायची ती मिलिमीटर पाण्यात किंवा किलोपास्कलमध्ये, आणि तिच्यासोबत हवा किती वाहते तेही पाहायचं. जनरेटरवर काम करणाऱ्याला कमी वॅटचं चांगलं यंत्र दुहेरी परवडतं. त्यानंतर नळीची लांबी. यंत्र जमिनीवर ठेवून वरच्या पायरीपर्यंत ताण न येता नळी पोचली पाहिजे. तिसरं कार्पेटचं पोत. स्टेजवर बहुतेक ठिकाणी पॉलिप्रॉपिलीनचं सुईनं ठोकलेलं कार्पेट असतं. ते पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून लवकर वाळतं. तेल मात्र घट्ट धरतं. त्यावर फिरता ब्रश चालवला की लव उसवून कापसासारखी वर येते, म्हणून ब्रश बंद करता येणारं तोंड घ्यावं. हा धागा उष्णतेला कच्चा आहे. सिंहासनाची खुर्ची चार जणांनी उचलण्याऐवजी ओढत वर नेली तर घर्षणानंच त्यावर चकाकणारा वण पडतो आणि तो कुठल्याही यंत्रानं निघत नाही.

2020 चा हंगाम गेलाच. 25 मार्चला टाळेबंदी लागली, पुढे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. त्या काळात गावोगाव धानावर फवारायचे पाठीवरचे पंप निर्जंतुकीकरणाला लागले आणि स्टेजवरही हायपोक्लोराइट फवारलं गेलं. ज्यांच्याकडे लोकरीचे किंवा नायलॉनचे जुने गालिचे होते, त्यांचे रंग ठिकठिकाणी उडाले. पॉलिप्रॉपिलीन बहुतेक तगलं. तेव्हापासून पंपानं औषध फवारायची सवय राहिली. सवय चांगली आहे, पायरीवर सारखा फवारा बसतो. पण तणनाशक भरलेला पंप विसळून तोच कार्पेटवर वापरणं धोक्याचं आहे. त्या पायऱ्यांवर लहान मुलं बसतात, खाली पडलेला लाडू उचलून खातात. सफाईचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगानं खूण करावी.

या सगळ्या वर्षांत खरेदीला नेहमी मालक गेला आणि यंत्र हाकलं पोरांनी. पहाटे तीनला वाकून पायऱ्या ओढणाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की मूठ कुठे बोचते, नळी कुठे पिळते, भरलेला ड्रम उचलताना कंबर कशी धरते. अलीकडे काही जण नागपूरला खरेदीला जाताना कामावरच्या एखाद्या जाणत्या पोराला सोबत नेतात, दुकानातच पाणी भरून, तोंड हातात देऊन बघतात. मला हा बदल यंत्राच्या कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा मोठा वाटतो.

दरम्यान एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे आणि तिच्याबद्दल मी गप्प बसणार नाही. पातळ कार्पेटचा रोल इतका स्वस्त झाला आहे, की काही ठिकाणी तो एका लग्नापुरता ठोकतात आणि सकाळी उपटून लॉनच्या मागे पेटवून देतात. सफाईचा खर्च वाचला असं त्यांचं गणित. ते जळतं ते प्लास्टिक आहे आणि त्याचा धूर शेजारच्या वस्तीत जातो. पायरीपुरतं तरी जाड, धुता येणारं कार्पेट घ्यावं, पिनांऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्यांवर बसवावं आणि खाली मेणकापड द्यावं, म्हणजे पाणी प्लायपर्यंत जात नाही आणि पायरीचा तुकडा वेगळा काढून धुता येतो. पहिल्या वर्षी खर्च जास्त येतो. लग्नघरच्या माणसांनी बिछायत ठरवताना भाड्याची घासाघीस करण्याआधी एवढं विचारावं, की पायरीचं कार्पेट धुतलेलं देणार की फेकायचं देणार. धुतलेल्याचे चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत.